चूक मोजणाऱ्या अन्ना मणी

रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला अपुरा पडला की आकडा उगाच चढा दिसतो आणि धडधाकट माणसाला गोळी सुरू होते. हवामानाचेही तसेच आहे. बारामती एमआयडीसीतल्या एखाद्या शेडच्या भिंतीलगत पर्जन्यमापक ठेवला तर त्यात पाऊस कमी भरेल. अगदी उघड्यावर ठेवला तरी जोराच्या वाऱ्यात काही थेंब त्याच्या तोंडावरून उडून जातात. इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात तेवढ्या फरकानेही पेरणीचा निर्णय फिरू शकतो.

हवामानाची संगणकीय मॉडेले अशाच नोंदींवर चालतात. म्हणून शास्त्रज्ञ कधी कधी कृत्रिम नोंदी तयार करतात, त्यांत मुद्दाम चुका मिसळतात आणि अंदाज किती ढळतो ते पाहतात. पण खऱ्या उपकरणाची चूक किती हेच ठाऊक नसेल, तर मिसळायचे काय? भारतात हे ठाऊक करून घेण्यात अन्ना मणी यांचा वाटा मोठा आहे आणि त्यांचे बरेच काम पुण्यात झाले.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोरमधल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळायच्या होत्या. या मुलीने त्याऐवजी ज्ञानकोश मागितला. पुढे हिरे आले ते बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. हिरे आणि माणकांच्या मंद प्रकाशाची एकेक छायापट्टी टिपायला पंधरा-वीस तास लागत. पाच शोधनिबंध झाले, प्रबंध लिहून झाला, पण एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. कागदाला कामापेक्षा जास्त मान देण्याची आपली जुनीच खोड. तो प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत आजही जपलेला आहे.

१९४५ मध्ये त्या लंडनला गेल्या, हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. साधी उपकरणेही तेव्हा परदेशातून येत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथेच बनवायला घेतली. त्यांच्या हाताखाली शंभरावर पुरुष होते. त्यांचा खरा आग्रह होता तो पडताळणीचा. नुसते उपकरण बनवून भागत नाही, ते प्रमाण उपकरणाशेजारी ठेवून जुळवून घ्यावे लागते. फुग्यासोबत वर जाणाऱ्या तापमापकाला ऊन लागले की तो हवेपेक्षा स्वतःचेच तापमान सांगू लागतो. ही चूक किती, हे कळल्याशिवाय तो आकडा वापरता येत नाही. चुकीच्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली परवडली, असे त्यांचे ठाम मत होते. दवाखान्यातही ते लागू पडते, कारण नोंद नसेल तर डॉक्टर निदान पुन्हा तपासतो.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभारली. १९६० पासून त्या ओझोनकडे वळल्या. तो मोजणारे फुग्यावरचे उपकरण भारतात तयार झाले. विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून थुंबा येथे हवामान वेधशाळाही उभी केली. १९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक पदावरून त्या निवृत्त झाल्या. मग भारतातल्या सौर प्रारणाच्या आकडेवारीचे दोन जाडजूड ग्रंथ आले आणि पवनऊर्जेसाठी देशभरात शेकडो ठिकाणी वाऱ्याची मोजणी झाली. आज पवनचक्की कुठे उभारावी हे ठरवताना या नोंदींचा पाया कामी आला आहे.

१९९४ मध्ये पक्षाघाताने त्यांचे हिंडणे-फिरणे थांबले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्र्याऐंशी पूर्ण व्हायला एक आठवडा उरला होता.