आजोळी साके बनायची, नातवाने त्याच बुरशीतून पाचक गोळी काढली

कळमना मार्केटमधलं दिवसभराचं काम आटोपलं, रात्री सावजीत तर्रीवर ताव मारला आणि मध्यरात्री पोट तक्रार करायला लागलं. मग मेडिकलमधून पाचक गोळी येते. तिच्या पाकिटावर बारीक अक्षरात बऱ्याचदा ‘फंगल डायस्टेस’ लिहिलेलं असतं. फंगल म्हणजे बुरशीपासूनचं. ज्या बुरशीवर जपानची साके उभी आहे, तीच ही बुरशी. तिला औषधाच्या दुकानात आणणारा माणूस म्हणजे जोकिची ताकामिने.

ताकामिनेंचा जन्म 1854 चा, जपानमधल्या ताकाओका गावातला. वडील वैद्य, तर आईचं माहेर साके बनवणाऱ्यांचं. म्हणजे घरात औषध आणि आजोळी दारू. पुढचं सगळं आयुष्य या दोन गोष्टींच्या मध्येच गेलं.

आता साके म्हणजे काय, ते आधी बघू.

आपल्याकडे विदर्भात मोहफुलाची दारू होते, कारण मोहफुलात साखर आयतीच असते. तांदळात ती नसते, असतो तो स्टार्च. दारू बनवणारं यीस्ट स्टार्च खात नाही, त्याला साखर लागते. भात बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळ स्टार्चची साखर करते. साकेत हे काम कोजी नावाची बुरशी करते. वाफवलेला तांदूळ उबदार खोलीत पसरायचा, त्यावर कोजीचे बीजाणू भुरभुरायचे, साधारण दोन दिवसांत दाण्यांवर पांढरी बुरशी धरते. मग हा तांदूळ, आणखी भात, पाणी आणि यीस्ट एकाच पिंपात. एकीकडे साखर तयार होते, दुसरीकडे लगेच तिची दारू.

बाटलीतल्या साकेत अल्कोहोल साधारण 15-16 टक्के असतं, म्हणजे बिअरपेक्षा बरंच जास्त. त्यामुळे ती ग्लास भरून ढोसायची गोष्ट नाही. छोट्या कपातून, जेवणासोबत, घोट घोट घेतात. स्वतःचा कप स्वतः भरायचा नाही, शेजारच्याचा भरायचा, अशी पद्धत. तांदळाचा किमान 40 टक्के भाग घासून काढला की ती गिंजो, निम्मा दाणा उडवला की दाईगिंजो. या सुवासिक साके शक्यतो थंड घेतात, साध्या साके कोमट करूनही चालतात. दाईगिंजो उकळून पिणं म्हणजे हापूसची भाजी करण्यासारखं आहे.

तर ताकामिने. 1879 मध्ये ते टोकियोतून इंजिनिअर झाले, मग ग्लासगोला शिकले, परत येऊन सरकारी नोकरीत लागले. 1884 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनासाठी अमेरिकेत गेले आणि तिथल्या कॅरोलाइन हिचच्या प्रेमात पडले. 1887 मध्ये लग्न झालं.

अमेरिकेत व्हिस्की बनायची ती माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीवर. मोड आणायला वेळ लागतो, जागा लागते, पैसा लागतो. ताकामिनेंचं म्हणणं साधं होतं : मोड कशाला, कोजी वापरा. तांदूळही नको, गव्हाचा कोंडा पुरे. व्हिस्कीच्या धंद्यावर ताबा असलेल्या ट्रस्टने 1890 मध्ये त्यांना बोलावून घेतलं. बायको-मुलांसह ते गेले आणि पुढे पिओरियात काम सुरू झालं.

माल्टवाल्यांच्या पोटावर थेट पाय येणार होता, त्यांचा विरोध होणारच. अशातच कारखान्याला आग लागली. ती लावली गेली असा संशय होता, सिद्ध काही झालं नाही. ताकामिनेंना यकृताच्या दुखण्याने गाठलं. शिकागोला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे ट्रस्टही कोर्टकचेऱ्यांत मोडला आणि कोजीची व्हिस्की तिथेच बारगळली.

हातात उरली फक्त बुरशी. जी पिंपात स्टार्च मोडते ती पोटातही मोडेल, हा हिशोब त्यांनी मांडला. 1894 मध्ये कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीतून पाचक द्रव्य काढण्याचं पेटंट मिळालं. आडनावावरून नाव ठेवलं ताका-डायस्टेस. पार्क-डेव्हिस कंपनीने ते विकायला घेतलं आणि ताकामिने श्रीमंत झाले. सोसेकीच्या मांजराच्या प्रसिद्ध कादंबरीतले पोटदुखे मास्तरही हेच औषध घेतात! जपानमध्ये ते विकण्यासाठी सान्क्यो उभी राहिली, जिचे ताकामिने पुढे अध्यक्ष झाले.

1900 मध्ये सहकारी केइझो उएनाका यांच्यासोबत त्यांनी जनावरांच्या ग्रंथीतून अॅड्रेनालिन शुद्ध रूपात वेगळं केलं. जीवघेण्या अॅलर्जीत आजही डॉक्टर पहिलं इंजेक्शन याचंच देतात. श्रेयावरून वाद झाले, पेटंटचा खटलाही गाजला. पण प्रयोगाचं बरंचसं हातकाम करणारे उएनाका मात्र मागेच राहिले, हे खटकतं.

1912 मध्ये वॉशिंग्टनला जपानकडून चेरीची झाडं गेली, त्यामागेही ताकामिनेंचा पैसा आणि खटपट होती. एवढं करूनही त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकलं नाही, कारण तिथला कायदा जपान्यांना ते देतच नव्हता. 22 जुलै 1922 रोजी न्यूयॉर्कमध्ये ते गेले आणि तिथल्याच वुडलॉन स्मशानभूमीत त्यांना ठेवलं. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. व्हिस्कीचा उघड धंदा बंद होता, ताका-डायस्टेस मात्र औषधाच्या दुकानात मिळत होतं.