सी. व्ही. रामन: समुद्र, तबला आणि खिशातला प्रिझम

सी. व्ही. रामन म्हटलं की नोबेल आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आठवतो. पण हा माणूस आपल्या विदर्भातही नोकरी करून गेलाय, हे अकोल्यात इंजिनिअरिंग होईपर्यंत मला माहीतच नव्हतं. १९१० मध्ये ते नागपूरला होते, तेही सरकारी हिशेब खात्यात!

जन्म ७ नोव्हेंबर १८८८, तिरुचिरापल्लीचा. १९०७ मध्ये, अठराव्या वर्षी, परीक्षा पास होऊन कलकत्त्यात अधिकारी झाले. ऑफिसच्या आधी आणि नंतर बऊबाजारातल्या प्रयोगशाळेत जायचं, हा नेम. मग रंगून, नागपूर आणि पुन्हा कलकत्ता. १९१७ मध्ये नोकरी सोडून विद्यापीठात प्राध्यापक झाले, जवळपास निम्म्या पगारावर. अमरावतीच्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारून बघा, घरी हे सांगायची हिंमत किती जणांत आहे!

त्यांना कुतूहल होतं ते रोजच्या वस्तूंचं. तबला घ्या. साध्या ढोलाच्या आवाजात नेमका सूर सापडत नाही, तबल्याचा मात्र लागतो. का? मधल्या काळ्या शाईमुळे. तिच्या वजनाने कातड्याची कंपनं एकमेकांच्या पटीत येतात, हे त्यांनी १९२० मध्ये मांडलं. गावोगावी भजनात तबला वाजतो, पण ही शाई कशासाठी, हे किती जण विचारतात?

१९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राची निळाई दिसली. ते आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रेली यांचं मत होतं. रामननी खिशातला निकोल प्रिझम काढला. तो ठराविक कोनात धरला की पाण्यावरची चकाकी कापली जाते. चकाकी गेली, तरी निळा रंग राहिलाच! म्हणजे रंग पाण्यातूनच येत होता. (पाणी लाल रंग शोषतं, हेही त्याचं मोठं कारण, हे आज आपल्याला माहीत आहे.)

तुमच्याकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून फोन हळूहळू आडवा-तिरपा फिरवा. बऱ्याच फोनची स्क्रीन एका कोनात काळी पडते. प्रिझमचं काम हेच.

त्या निळाईचा पिच्छा त्यांनी सोडला नाही. वेगवेगळ्या द्रवांतून विखुरलेला प्रकाश तपासत, के. एस. कृष्णन यांच्यासोबत, २८ फेब्रुवारी १९२८ ला ते रामन परिणामापर्यंत पोचले. थोडा प्रकाश रंग बदलून बाहेर पडतो, आणि तो बदल प्रत्येक पदार्थाचा वेगळा असतो. १९३० मध्ये नोबेल मिळालं. औषधाची पावडर पारदर्शक बाटली न उघडता ओळखणारी, हातात मावणारी रामन यंत्रं आज कारखान्यांत वापरतात.