साने गुरुजी : कुटुंबेतिहासाचे कथारूप

'श्यामची आई' आत्मचरित्र मानावे की कादंबरी, हा प्रश्न मराठीच्या अध्यापनात वारंवार उपस्थित होतो. त्याचे उत्तर लेखकाच्या जीवनक्रमात शोधणे उपयुक्त ठरेल.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, आजोबांच्या काळापर्यंत संपन्न. वडील सदाशिवराव यांच्या काळात मात्र आर्थिक घसरण होत गेली आणि राहते घरही जप्तीत गेले. आई यशोदाबाई यांनी अभावातच संसार चालविला. पांडुरंगाचे शिक्षण दापोली, औंध व पुणे असे गाव बदलत झाले. १९१७ मध्ये आईचे निधन झाले तेव्हा तो घरापासून दूर होता. अखेरची भेट झाली नाही, ही खंत पुढील लेखनाच्या मुळाशी आहे.

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तेथील छात्रालयाची जबाबदारी सांभाळताना त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांशी रोज संवाद साधण्याचा हा अनुभव निर्णायक ठरला. गुरुजींच्या निवेदनातील जिव्हाळ्याचा, सांगण्याचा सूर येथे घडला असे म्हणावयास हरकत नाही. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतांश भाग लिहून झाला. १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले.

या लेखनात कुटुंबेतिहासाचे रूपांतर तीन प्रकारे झालेले दिसते. पहिले, लेखकाने 'मी'ला 'श्याम' हे नाव दिले. नावाच्या या अंतरामुळे स्वतःच्या बालपणीचा भित्रेपणा, हट्ट व चुका तो निःसंकोच सांगू शकला. दुसरे, आठवणींना आश्रमातील प्रार्थनेनंतरच्या रात्रींची चौकट मिळाली. त्यामुळे खाजगी दुःखाला श्रोतृवर्ग लाभला. तिसरे, घटनांची निवड आईच्या दृष्टीभोवती झाली. कर्ज, सावकाराचा तगादा, घराची अप्रतिष्ठा हा घराण्याचा आर्थिक इतिहास येथे कागदपत्रांतून येत नाही. तो आईच्या मनाला झालेल्या जखमांतून येतो. व्यक्तिगत ऱ्हासाला कोकणातील खोती कुटुंबाच्या ऱ्हासाचे प्रातिनिधिक रूप मिळते ते यामुळेच.

भाविकतेचा अतिरेक हा या पुस्तकावरील नेहमीचा आक्षेप. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि आईच्या चित्रणात लेखकाने तिच्या काळाच्या मर्यादा पुसून टाकलेल्या नाहीत, याकडे दुर्लक्ष होते. मोळी उचलू न शकणाऱ्या वृद्ध महार स्त्रीला मदत करण्यास आई श्यामला सांगते. परंतु घरी येऊन स्नान करण्याचा रिवाजही ती सोडत नाही. केवळ गौरव करावयाचा असता, तर हा तपशील गाळणे सोपे होते. तो राहिला म्हणून आईची करुणा आणि तिच्यावरील रूढीचे बंधन ही दोन्ही वाचकाला एकत्र दिसतात. जे बंधन आईला तोडता आले नाही, त्याविरुद्ध मुलाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. कथेतील अपुरे राहिलेले पाऊल लेखकाने जीवनात पुढे टाकले.

'श्याम', 'धडपडणारा श्याम' या पुस्तकांतून हेच अनुभवद्रव्य पुढे विस्तारले. 'धडपडणारी मुले' या कादंबरीमागे अमळनेरचे दिवस आहेत. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि तिला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

सारांश, घटनांचे मूळ खरे असूनही नाव, चौकट व निवड यांमुळे हे पुस्तक आत्मचरित्राच्या सीमेपलीकडे जाते. भेट न झालेल्या आईला त्या मुलाने शब्दांत पुन्हा भेटविले. आणि ती भेट त्याने एकट्यापुरती ठेवली नाही, हेच त्याच्या कथारूपाचे प्रयोजन होय.