हसायला मनाई असलेली खाट

१९३७ सालचा शरद ऋतू. अमेरिकेतल्या सिएटल शहरात नोकरी करणाऱ्या तीस वर्षांच्या एका घटस्फोटित बाईला क्षयरोगाचं निदान झालं. पदरी दोन लहान मुली, घरात पैसा बेताचाच. पुढे लेखिका म्हणून नावारूपाला आलेल्या बेटी मॅकडोनल्ड त्या याच. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या सततच्या खोकल्यातून हा जंतू आपल्यापर्यंत आला, असा त्यांचा कयास होता.

त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून सहा वर्षं होती. उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न. फुप्फुस जितकं कमी हलेल तितकी आतली जखम लवकर भरेल, हा त्यामागचा तर्क. त्यामुळे सिएटलजवळच्या फर्लंड सॅनेटोरियममध्ये नव्या रुग्णाने नुसतं पडून राहायचं. वाचणं, लिहिणं, बोलणं बंद. खोकला दाबायचा आणि हसायचंही नाही. खिडक्या ऐन थंडीतही उघड्या. मुलींची भेट महिन्यातून एकदा, तीही काही मिनिटांची.

फुप्फुसाला सक्तीची विश्रांती देण्याचा आणखी एक उपाय होता. छातीत सुई घालून फुप्फुसाभोवतीच्या आवरणाच्या दोन पदरांमध्ये हवा भरत. त्या दाबाने फुप्फुस आक्रसून शांत राही. ही हवा हळूहळू शरीरात शोषली जाई, म्हणून ती पुन्हा पुन्हा भरावी लागे. बेटी यांनाही हे सोसावं लागलं.

सुमारे नऊ महिन्यांनी, १९३८ मध्ये त्या घरी परतल्या. १९४५ मध्ये कोंबडीपालनाच्या फजितीवरचं त्यांचं ‘द एग अँड आय’ हे पुस्तक तुफान खपलं. तीन वर्षांनी सॅनेटोरियमच्या आठवणींचं ‘द प्लेग अँड आय’ आलं. क्षयाचं नाव दबक्या आवाजात घेतलं जाई त्या काळात त्यावर विनोदी पुस्तक लिहिणं हे धाडसच होतं.

या पुस्तकातला विनोद आजाऱ्यांच्या दुखण्यावर नाही. तो हाडं गोठवणारी थंडी, अगणित नियम, कडक शिस्तीच्या परिचारिका आणि एका खोलीत कोंबलेल्या नाना स्वभावांच्या बायका यांच्यावर आहे. सर्वांत जास्त तो स्वतःच्या चिडचिडीवर आणि भित्रेपणावर आहे. खोलीतली चतुर सोबतीण ‘किमी’ ही व्यक्तिरेखा त्यांची जपानी वंशाची मैत्रीण मोनिका सोने यांच्यावरून घेतलेली. त्याही पुढे लेखिका झाल्या. आजूबाजूचे मृत्यू पुस्तकात लपवलेले नाहीत. घरी परतल्यावर बाहेरच्या जगाशी जुळवून घेणं किती जड गेलं, तेही त्यात आहे.

हसण्याने आपला क्षय बरा झाला, असा दावा मात्र बेटी यांनी केला नाही. पुस्तक त्यांनी आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अर्पण केलं. विनोदाने जंतू मरत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विनोदाने साधलं ते वेगळंच. ज्या आजाराबद्दल घराघरांत मौन पाळलं जाई, त्याबद्दल लोक मोकळेपणाने वाचू लागले. क्षयरोगी म्हणजे केवळ धोका नव्हे; तोही रुसणारा, कंटाळणारा, घराकडे डोळे लावून बसलेला माणूस असतो, हे त्यांना दिसलं.

१९५८ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, कर्करोगाने बेटी यांचं निधन झालं. आज औषधांना दाद देणारा क्षय साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि बहुतेकांना रुग्णालयात राहावंही लागत नाही. तरीही दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला लपवणारे, थुंकीची तपासणी टाळणारे अजून भेटतात. हसायची मनाई कधीच उठली. पण या आजाराविषयीचं मौन अजून पुरतं सुटलेलं नाही.