ज्याच्या आठवणीत गाणं बनत होतं, तोच स्टुडिओत आला. पण मित्रांनी त्याला ओळखलंच नाही

जून १९७५. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचं नव्या अल्बमवर काम सुरू होतं. तेवढ्यात एक लठ्ठ माणूस आत आला. डोक्यावर केस नाहीत, भुवयाही काढलेल्या. हा कोण, हे बराच वेळ कुणालाच कळेना.

तो होता सिड बॅरेट. या बँडचा पहिला हिरो.

सिडचं खरं नाव रॉजर कीथ बॅरेट. जन्म ६ जानेवारी १९४६, केंब्रिज. वडील डॉक्टर होते. तो सोळाचा व्हायच्या आतच ते गेले. पुढे चित्रकला शिकायला लंडनला आला आणि रॉजर वॉटर्स, निक मेसन, रिचर्ड राइट यांच्यासोबत वाजवू लागला. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची नावं जोडून बँडचं बारसंही त्यानेच केलं. १९६७ च्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी त्याचीच.

पण यश आलं आणि सिड हरवत गेला. एलएसडीचं सेवन वाढलं, मन थाऱ्यावर राहिना. स्टेजवर गिटार गळ्यात अडकवून तो नुसताच उभा राहायचा. त्याला सांभाळून घ्यायला केंब्रिजचाच मित्र डेव्हिड गिलमोर बँडमध्ये आला. १९६८ च्या जानेवारीत एका शोला जाताना मात्र बाकीच्यांनी सिडला घ्यायला गाडी वळवलीच नाही. विषय तिथेच संपला.

मनातून मात्र तो गेला नव्हता. १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम म्हणजे या रिकाम्या जागेची गोष्ट. ‘शाईन ऑन यू क्रेझी डायमंड’ हे नऊ भागांचं, सुमारे २६ मिनिटांचं गाणं सिडवरच आहे. त्याचे दोन तुकडे करून एक अल्बमच्या सुरुवातीला, दुसरा शेवटी ठेवलाय. सिड स्टुडिओत आला, तेव्हा नेमकं याच गाण्याचं काम चालू होतं. ओळख पटल्यावर वॉटर्सला रडू आवरलं नाही.

सिड पुढे केंब्रिजला परतला. ‘सिड’ हे नावही त्याने सोडलं. बागकाम आणि चित्रं, एवढ्यातच रमला. ७ जुलै २००६ रोजी वयाच्या ६० व्या वर्षी त्याचं निधन झालं.

हा अल्बम ऐकलात तर शेवटचे काही सेकंद चुकवू नका. आवाज विरत जाताना राइटच्या कीबोर्डवर एक ओळखीची धून येते. ती ‘सी एमिली प्ले’ची, म्हणजे १९६७ मध्ये गाजलेल्या सिडच्याच गाण्याची.