विश्लेषण : जपानी मोटार कमी खर्चाची, युरोपीय मोटार महागाची… हे समीकरण आले कुठून? किइचिरो टोयोडा यांचे आयुष्य काय सांगते?

जुनी मोटार घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला असतो. जपानी घ्या, निर्धास्त राहा. युरोपीय गाडी चालवायला मजा येते, पण वॉरंटी संपल्यावर गॅरेजचे बिल पाहून घाम फुटतो. या समजात बरेच तथ्य आहे. मात्र त्याचे कारण देशाच्या नावात दडलेले नाही. टोयोटा मोटर कंपनी उभी करणारे किइचिरो टोयोडा (१८९४-१९५२) यांचे आयुष्य पाहिले, तर हा लौकिक कसा कमावला जातो आणि तो कुणालाही कायमचा का मिळत नाही, हे कळते.

मागाच्या कारखान्यातून मोटारीकडे कसे आले?

किइचिरो यांचा जन्म ११ जून १८९४ चा. वडील साकिची टोयोडा हे सुताराचे पुत्र आणि यंत्रमागाचे नामांकित संशोधक. किइचिरो यांनी टोकियो इम्पिरियल विद्यापीठातून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि वडिलांच्या कामात हात घातला. १९२४ मध्ये टोयोडा यांचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. धोट्यातील सूत संपले की माग न थांबता धोटा बदलला जाई. धागा तुटला, तर मात्र माग आपोआप थांबे. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीत ज्यांनी माग पाहिला आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. तुटलेल्या धाग्यासह माग चालत राहिला तर कापड वाया जाते. तो स्वतःहून थांबला, तर वायाही जात नाही आणि एकच कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकतो.

चूक झाली की तिथेच थांबायचे, पुढे सरकू द्यायचे नाही, हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात आले. ‘जिदोका’ या नावाने ते आज जगभर शिकवले जाते.

इंग्लंडशी संबंध काय?

ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स ही तेव्हा वस्त्रोद्योगाच्या यंत्रांतील जगातली मोठी कंपनी. १९२१-२२ च्या परदेश दौऱ्यात किइचिरो यांनी तिचा कारखाना शिकण्यासाठी पाहिला होता. डिसेंबर १९२९ मध्ये त्याच कंपनीने टोयोडा मागाचे हक्क घेण्याचा करार केला. रक्कम ठरली एक लाख पौंड. ज्या युरोपकडून जपान यंत्रे विकत घेत होता, तोच आता जपानी यंत्राचे हक्क घेत होता.

या कराराच्या वेळच्या दौऱ्यात किइचिरो यांनी अमेरिका आणि युरोपातील मोटार उद्योगही पाहिला. ऑक्टोबर १९३० मध्ये साकिची गेले. मागाच्या धंद्यात पैसा होता, तरी मुलाला मोटार बनवायची होती. त्या वेळी जपानच्या रस्त्यांवर अमेरिकी कंपन्यांचे राज्य होते. फोर्ड १९२५ पासून योकोहामात आणि जनरल मोटर्स १९२७ पासून ओसाकात गाड्यांची जुळणी करत होत्या. या दोघांसमोर उभे राहणे नातलगांनाही धाडसाचे वाटत होते. तरीही १ सप्टेंबर १९३३ रोजी कारिया येथील माग कारखान्यात मोटार विभाग सुरू झाला.

गाडी खोलून त्यांनी काय ठरवले?

किइचिरो यांनी शेव्हरोले गाडी विकत घेतली आणि सहकाऱ्यांबरोबर तिचा एकेक भाग सुटा केला. इंजिन शेव्हरोलेच्या धर्तीवर केले आणि इतर भागांसाठी फोर्डचाही आधार घेतला. जर्मन डीकेडब्ल्यू या छोट्या मोटारीचाही पुढे अभ्यास झाला. सर्वांत अवघड ठरले ते सिलिंडर ब्लॉकचे ओतकाम. ओतलेले ब्लॉक एकामागून एक भंगारात गेले. सप्टेंबर १९३४ मध्ये पहिले इंजिन तयार झाले आणि मे १९३५ मध्ये ‘ए-१’ ही नमुना मोटार.

आजच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. आपल्या गाडीचे महत्त्वाचे भाग शेव्हरोले आणि फोर्डच्या भागांशी जुळावेत, असे त्यांनी ठरवले. कारण साधे होते. ते सुटे भाग जपानात सहज मिळत आणि मेकॅनिकांचा हात त्यावर बसलेला होता. नवख्या कंपनीची गाडी रस्त्यात बंद पडली, तरी ग्राहक अडकून पडू नये. म्हणजे गाडी बाजारात येण्याआधीच तिच्या दुरुस्तीचा विचार झाला होता.

पहिल्या गाड्या टिकाऊ होत्या का?

अजिबात नाही. सैन्याची आणि सरकारची गरज ट्रकची असल्यामुळे नोव्हेंबर १९३५ मध्ये ‘जी-१’ ट्रक आधी बाजारात आला. किंमत अमेरिकी ट्रकपेक्षा कमी ठेवलेली. पण मागच्या अ‍ॅक्सलपासून स्टिअरिंगपर्यंत तक्रारींची रांग लागली. किइचिरो आणि त्यांचे सहकारी बंद पडलेल्या ट्रकपाशी स्वतः जात, दुरुस्ती करून देत आणि तुटलेला भाग कारखान्यात आणून आराखडा बदलत. जनरल मोटर्सच्या जपानी कंपनीतून आलेले शोतारो कामिया यांनी विक्रीची घडी बसवली. त्यांच्या क्रमवारीत आधी ग्राहक, मग विक्रेता आणि शेवटी कंपनी होती.

१९३६ मध्ये ‘एए’ ही मोटार आली. त्याच वर्षी ‘टोयोडा’ऐवजी ‘टोयोटा’ हे नाव स्वीकारले गेले. जपानी लिपीत ते आठ फराट्यांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तिथे शुभ मानतात. ऑगस्ट १९३७ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि १९३८ मध्ये कोरोमो येथे मोठा कारखाना सुरू झाला. तिथे किइचिरो यांनी जो भाग जेव्हा लागेल तेव्हाच आणि तेवढाच तयार करायचा, ही पद्धत आखली. कोठारात ढीग साठला की सदोष भागही त्यात लपून राहतो. साठा नसेल तर दोष लगेच उघडा पडतो. युद्धामुळे ही पद्धत तेव्हा रुजली नाही. पुढे ताइइची ओनो यांनी ती पूर्णत्वाला नेली.

१९५० मध्ये राजीनामा का द्यावा लागला?

युद्धानंतर जपान उद्ध्वस्त झाला होता. १९४९ मध्ये महागाई रोखण्यासाठी लादलेल्या कडक आर्थिक धोरणाने बाजारातला पैसाच आटला. विकलेल्या ट्रकचे हप्ते येईनात. टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर आली. बँकांनी मदत केली, पण विक्री कंपनी वेगळी करण्याची आणि कामगार कमी करण्याची अट घातली. कामगारांना काढायचे नाही, ही किइचिरो यांची भूमिका होती. ती त्यांना पाळता आली नाही. संप चिघळला. जून १९५० मध्ये जबाबदारी घेऊन त्यांनी अध्यक्षपद सोडले. सुमारे दोन हजार कामगारही कंपनीबाहेर पडले.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियात युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या मागण्या येऊ लागल्या. कंपनी सावरली. १९५२ मध्ये किइचिरो यांनी अध्यक्ष म्हणून परत यावे असे ठरले. पण २७ मार्च १९५२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय ५७. जपानी मोटारीचा लौकिक त्यांनी पाहिला नाही.

मग लौकिक मिळाला कधी?

त्यांच्या मृत्यूनंतरही लगेच नाही. १९५७ मध्ये टोयोटाने ‘क्राऊन’ अमेरिकेत नेली. जपानच्या खडबडीत, संथ रस्त्यांसाठी ती भक्कम होती. अमेरिकी महामार्गांच्या वेगाला इंजिन तापू लागले, गाडी थरथरू लागली. १९६० मध्ये तिथली मोटारविक्री जवळपास गुंडाळावी लागली. त्याच काळात अमेरिकेत भरवशाची परदेशी मोटार म्हणून नाव होते ते फोक्सवागन बीटलचे. साधी रचना, वर्षानुवर्षे फारसा न बदलणारा आराखडा आणि सुटे भाग हमखास ठेवणारे विक्रेते. म्हणजे आज जे गुण जपानी गाडीचे म्हणून सांगितले जातात, ते तेव्हा जर्मन गाडीचे होते. टोयोटाने उणिवा दुरुस्त केल्या आणि १९६५ मध्ये ‘कोरोना’ घेऊन अमेरिकेत जम बसवला.

युरोपीय गाडीचा खर्च का वाढतो?

गाडी किती वेळा बिघडते आणि बिघडल्यावर किती लागतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट भागाची किंमत, मजुरीचे तास आणि भाग येईपर्यंतचे दिवस यांवर ठरते. अनेक युरोपीय कंपन्यांनी वेगवान महामार्गांवरील पकड आणि ताकद यांना प्राधान्य दिले. त्यासाठी टर्बो, थेट इंधन फवारणी, दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स असे तंत्रज्ञान लवकर आणले. गाडी चालवायला सरस होते, पण भाग वाढतात, ते दाटीवाटीने बसवलेले असतात आणि दुरुस्तीला खास अवजारे लागतात. भाग आयात होत असेल तर शुल्काचीही भर पडते. जपानी कंपन्यांचा कल सहसा पारखलेले तंत्रज्ञान वापरण्याकडे आणि तोच भाग अनेक गाड्यांत बसवण्याकडे राहिला.

अपवाद दोन्हीकडे आहेत. २००९-१० मध्ये टोयोटालाच पेडलच्या तक्रारींवरून जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पुढे जगभर गाजलेल्या सदोष एअरबॅग बनवणारी ताकाता ही कंपनीही जपानीच होती.

भारतातील अनुभव काय सांगतो?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा असलेली प्रीमियर पद्मिनी मूळची इटालियन फियाट. पण ती कुर्ल्यात बनत होती, भाग कोपऱ्यावर मिळत आणि कुठलाही मेकॅनिक ती उघडत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमधील १.३ लिटरचे डिझेल इंजिनही मूळ फियाटचेच. ते टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही होते आणि रांजणगावातही तयार होत होते. त्यामुळे त्याच्या दुरुस्तीला कुणी युरोपीय म्हणून घाबरले नाही.

टोयोडा घराण्याचा मराठी धागाही मागातूनच आला. टोयोटाच्या मूळ माग कंपनीने १९९५ मध्ये किर्लोस्कर समूहाबरोबर कर्नाटकात सूतकताईची यंत्रे बनवणारी कंपनी काढली. त्यानंतर १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली.

खरेदीदाराने काय पाहावे?

देशाआधी काही गोष्टी तपासता येतात. त्या मॉडेलचे क्लच, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्सचे भाग इथे बनतात की आयात होतात? तेच इंजिन आणखी किती गाड्यांत आहे? अधिकृत केंद्राबाहेर तुमच्या गावात ती गाडी उघडणारा मेकॅनिक आहे का? आधीच्या मालकाने वेळेवर सर्व्हिसिंग केल्याच्या नोंदी आहेत का? वॉरंटी वाढवून मिळते का, आणि त्यात गिअरबॉक्स येतो का? चाकणमध्ये बनणाऱ्या आणि ९५ टक्क्यांपर्यंत स्थानिकीकरणाचा कंपनीचा दावा असलेल्या स्कोडा कुशाकला एक उत्तर मिळेल, पूर्ण आयात होणाऱ्या जपानी गाडीला दुसरे. १९३३ मध्ये कारियाच्या कारखान्यात शेव्हरोले खोलून बसलेल्या किइचिरो यांच्यापुढचा प्रश्नही हाच होता, की गाडी बंद पडली तर ग्राहकाला भाग कुठे मिळेल आणि ती दुरुस्त कोण करील.