विद्यापीठाची मुदत चार वर्षं, खिशात मोजके पौंड: बाबासाहेबांनी लंडनचा खर्च कसा भागवला?

परदेशात शिकायला गेलेला कुणीही मित्र पहिल्या महिन्यात एकच गोष्ट करतो. प्रत्येक वस्तूची किंमत मनातल्या मनात रुपयात मोजतो आणि ती वस्तू परत जागेवर ठेवतो. शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक मराठी विद्यार्थी हेच करत होता. फरक इतकाच की त्याचा अभ्यासाचा विषयसुद्धा रुपयाच होता.

हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्यांचा पहिला परदेश प्रवास झाला १९१३ साली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. या पैशातूनच राहायचं, खायचं आणि घरीही पाठवायचं. पण एका बाबतीत त्यांचा हात सैल होता, तो म्हणजे पुस्तकं. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जुनी पुस्तकं शेकड्यांनी विकत घेतली.

१९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. पण वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान वेगळ्या जहाजाने येत होतं, ते जहाज पाणतीराच्या हल्ल्यात बुडालं. त्याची नुकसानभरपाई म्हणून जे पैसे मिळाले, त्यावर ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. तिथे जातीमुळे त्यांना राहायला जागाही मिळाली नाही, हा इतिहास आपल्याला माहीत आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. लंडन विद्यापीठाने अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांची मुदत दिली होती. म्हणजे तेवढ्या काळात पैसे उभे झाले नाहीत, तर पदवी विसरायची.

मग बचत सुरू झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार होता महिना ४५० रुपये, त्या काळात चांगलाच. तरीही मुक्काम परळच्या चाळीतच. रमाबाई ठरवून दिलेल्या रकमेत घर चालवायच्या, उरलेले पैसे लंडनसाठी बाजूला पडायचे. या बचतीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले ५ हजार रुपयांचं कर्ज जमा झालं. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा बोटीत बसले.

लंडनमधलं त्यांचं बजेट कसं होतं? सकाळी चहा आणि पावाचा तुकडा. मग ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय उघडायच्या वेळेला दारात हजर. दुपारच्या जेवणाला जवळपास सुट्टीच. ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन, पुढे इतर ग्रंथालयं. बसचं भाडं वाचवायला शक्य तिथे पायी. रात्री वाचता वाचता भूक लागली, की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजायचे आणि कपभर दूध घ्यायचं.

त्यात रुपयाने दगा दिला. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते, १९२१ मध्ये तो भाव सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. एका पौंडाचे वीस शिलिंग. म्हणजे दोन शिलिंगांच्या भावाने भारतातून आलेल्या हजार रुपयांचे १०० पौंड झाले असते, तिथे आता साधारण ६२ व्हायचे. पापड भाजून कितीही वाचवलं, तरी हा खड्डा कसा भरणार? सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांना शाहू महाराजांकडे २०० पौंडांच्या कर्जासाठी लिहावं लागलं.

रुपयाचा भाव कोण ठरवतं आणि तो पडल्यावर भुर्दंड कुणाला बसतो, हाच त्यांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचा गाभा होता. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी तो सादर केला. त्याआधी १९२१ मध्ये एम.एस्सी. हाती आली होती, बॅरिस्टरही ते झाले. पण प्रबंधातल्या कडक टीकेमुळे परीक्षकांनी तो बदलून द्यायला सांगितला. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईत परतले, इथे बसून प्रबंध सुधारला, लंडनला पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळवली. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक म्हणजे तोच प्रबंध.

ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे. लंडनला गेलात तर नक्की जा, आणि जमलं तर थोडं अंतर पायी चालून जा.